वसईचा वेढा आणि चिमाजी अप्पा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यातल्याच एका भगिनीने उभे राहून चार शब्द बोलायचे, अशी आपल्या मंडळाची चाल आहे. कोणी लोणची-मुरंब्यांवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा माझी पाळी आली. मी विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, बायकांच्या सभेत तोफा कशाला?" मी म्हटले, "तोफा पुरुषांनी डागल्या हे खरे; पण तोफेपुढे जो पडला तो कुणा बाईचाच मुलगा होता ना? मग आपल्यालाही त्यावर बोलायचा हक्क आहे." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मंडळाच्या कपाटातली इतिहासाची पुस्तके दुपारचे निवडणटिपण आटोपल्यावर वाचली. त्यातून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते.

वसईचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला आहे. गेल्या माघात मंडळाची सहल तिथेच गेली होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. गोव्याच्या खालोखाल त्यांचे मोठे ठाणे म्हणजे वसई. आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे; भोवती भक्कम तट. बहुतेक बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. चालत जाता येईल अशी कोरडी बाजू काय ती उत्तरेची, आणि तिथे सर्वांत जाड बुरूज. एका बुरुजाचे नाव सेंट सेबॅस्टियन. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मुलखातल्या हिंदू रयतेला उघडपणे सणवार आणि धर्मविधी करायला बंदी होती. पोरकी मुले सरकार ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करीत असे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्यासारखी माणसे पुण्यास खेटे घालीत होती, की आम्हाला सोडवा. अखेर १७३७ साली पेशव्यांनी मोहीम काढली आणि ती थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्यावर सोपवली. अप्पा तेव्हा तिशीचे. प्रकृती मुळातच नाजूक, छातीचे दुखणे पाठीशी. अशा माणसाने दोन वर्षांत ही मोहीम तडीस नेली, ती कशी हेच मला सांगायचे आहे.

सेनापती म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे उधळलेला घोडा आणि उपसलेली तलवार येते. किल्ल्याच्या लढाईत घोड्याचा उपयोग थोडा. तिथे लागते चिकाटी, हिशेब आणि माणसांची पारख. आपल्या भाषेत सांगायचे तर ते मोठे लग्नघर चालवण्यासारखे आहे. पण लग्नघरात चुकले तर वरण कमी पडते. इथे चुकले तर माणसे मरतात.

पहिल्याच वर्षी ठाण्याचा किल्ला हाती आला. तो अजून बांधून पुरा व्हायचा होता, त्यामुळे काम लवकर झाले. साष्टी बेटही आले. पण वसई काही आली नाही. शंकराजी केशव फडके यांनी तटाला शिड्या लावून पाहिल्या. माणसे पडली, तट तसाच उभा राहिला. पुढल्या वर्षी केळवे-माहीमवर गेलेल्या फौजेलाही मागे यावे लागले. घरोघर बोलणी सुरू झाली असतील, की कशाला हा खटाटोप? पण अप्पांनी मोहीम सोडली नाही, आणि तोच घाव पुन्हा तिथेच घालण्याचा हट्टही धरला नाही. त्यांनी रीत बदलली.

१७३९ च्या आरंभी अप्पा स्वतः कोकणात उतरले. वसईवर न जाता त्यांनी आधी वसईचे हातपाय बांधले. उत्तरेकडचे माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, डोंगरातला अशेरी, अशी एकेक ठाणी घेतली. दक्षिणेस वेसावे आणि धारावी घेतली. ही धारावी म्हणजे मुंबईतली नव्हे, भाईंदरकडची, खाडीच्या तोंडावरची. ती हाती येताच वसईला खाडीतून मिळणाऱ्या मदतीची वाट अडली. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. मोठे झाड पाडायचे तर आधी भोवतीच्या फांद्या तोडतात, तसेच हे.

त्यातले तारापूर फार महाग पडले. तिथे बाजी भिवराव रेठरेकर नावाचे शूर सरदार गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला हा माणूस. भगिनींनो, मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटली ती यापुढची गोष्ट. मोहीम ऐन भरात, वसई अजून घ्यायची, दहा दिशांनी माणसे हुकूम मागायला उभी, आणि अशा वेळी अप्पांनी बाजीच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले. बाजी म्हणजे आपला भाऊच गेला, असा त्यातला भाव आहे. फौज चालवणाऱ्याला माणूस हा आकडा वाटू लागतो, कारण त्याला हजारांचा हिशेब करावा लागतो. पण हा सेनापती त्या आकड्यामागची आई विसरला नाही. पत्राने मुलगा परत येत नाही. तरी आपला मुलगा कुठे आणि कसा पडला, हे त्याच्याच सेनापतीने कळवले, एवढा तरी आधार त्या माउलीला मिळाला.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला तो मे महिन्यापर्यंत चालला. उत्तरेच्या रेताड जमिनीत मोर्चे खणत खणत आपले लोक तटाजवळ सरकू लागले. वरून गोळे, बंदुका, पेटते पदार्थ यांचा मारा. आतले पोर्तुगीजही शूरपणे लढले, हे सांगितलेच पाहिजे. त्यांचा मुख्य अधिकारी सिल्वेरा द मेनेझिस तटावर मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या काइतानो द सोझा याने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, पण कसे? चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून! शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता घागरीमागे तारण मागावे, तसा हा व्यवहार. देवघरातली चांदी गहाण टाकण्याची वेळ एखाद्या घरावर येते तेव्हा त्या घराची काय दशा असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इकडे अप्पांवरही ताण काही कमी नव्हता. त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत शिरला होता. मार्चमध्ये तिथे भयंकर कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळला तर काय, या काळजीत बाजीराव होते आणि त्यांना कोकणातली फौज मोकळी हवी होती. शिवाय पाऊस दोन महिन्यांवर आलेला. कोकणातल्या पावसात मोर्च्यांत पाणी भरले, की तीन महिन्यांची मेहनत वाहून जायची. तरी अप्पा वेढ्यावरून उठले नाहीत. किल्ला येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधा आणि माझे डोके तरी आत पडू द्या, असे ते म्हणाल्याची गोष्ट सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या दिवसांतली त्यांची मनःस्थिती तीत उतरली आहे.

शेवटी तटाखाली सुरुंग भरले. मेच्या आरंभी ते उडवले आणि तटाला खिंडार पडले. लोक "हर हर महादेव" करीत वर धावले, तोच एक सुरुंग मागाहून उडाला आणि दगडमाती आपल्याच चढणाऱ्या माणसांवर कोसळली. एवढे होऊनही दुसऱ्या फळीतले लोक पुढे गेले, मागे फिरले नाहीत. सेंट सेबॅस्टियनचा बुरूज हाती आला तेव्हा आतल्यांनी पांढरे निशाण दाखवले. ग्रँट डफने लिहिले आहे की मराठ्यांचे पाच हजारांवर लोक ठार व जखमी झाले आणि पोर्तुगीजांचे आठशे. आपल्या गावातल्या जत्रेची गर्दी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पाच हजार हा आकडा केवढा ते कळेल.

आता खरी कसोटी होती. पाच हजार माणसे पडलेल्या फौजेच्या मनात केवढा राग असेल! आणि समोर आतल्या बायका, मुले, म्हातारी माणसे. अप्पांनी तह केला. आठ दिवसांची मुदत दिली. शिपायांनी हत्यारांसह, निशाणे लावून, वाजतगाजत बाहेर पडावे आणि कुटुंबांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे, असे ठरले. आणि ठरले तसेच झाले. पोर्तुगीज सरदाराची बायको हाती लागली असता अप्पांनी तिला मानाने परत पाठवले, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती गोष्ट म्हणून गोड आहे. पण मला तो कागदावरचा तह अधिक मोठा वाटतो. एका बाईशी चांगले वागणे एखाद्या भल्या माणसाला जमते. हजारोंच्या रागावलेल्या फौजेला आठ दिवस शब्दात बांधून ठेवणे, याला सेनापती लागतो.

विजयानंतर वसईच्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची, भीमाशंकरची, वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतलीच मानतात. वज्रेश्वरीला अप्पांनी नवस केला होता, तो फेडताना किल्ल्यासारखे तटबंदीचे देऊळ बांधले गेले. मेणवलीला जाल तेव्हा त्या घंटेकडे नीट पाहा. एका देवाच्या दारी घडलेली, दुसऱ्या देवाच्या दारी वाजणारी.

त्यानंतरची हकिकत कोणी फारशी सांगत नाही. वसई घेतल्यावर वर्षाच्या आत, एप्रिल १७४० मध्ये, बाजीराव रावेरखेडीला वारले. त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही गेले. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. अप्पांचा मुलगा सदाशिव दहा वर्षांचा. त्याची सख्खी आई तर तो तान्हा असतानाच गेली होती. त्या पोराला आजीने, राधाबाईंनी वाढवले. एकाच वर्षात दोन कर्ते मुलगे गमावलेली ही आजी पुढे १७५३ पर्यंत जगली. तोच सदाशिव पुढे पानिपतचा भाऊसाहेब. विजयाच्या मिरवणुकीत राधाबाई कुठे दिसत नाहीत. पण विजयाची किंमत त्यांच्या घरानेही भरली आणि नाव न उरलेल्या कितीतरी शिपायांच्या घरांनीही.

आपल्या मंडळात वसईकडच्या दोन ख्रिस्ती भगिनी आहेत. आज त्या इथे पुढेच बसल्या आहेत. त्यांच्यादेखत ही गोष्ट सांगताना मला अडखळावे लागले नाही, कारण ती पुरी सांगितली. तिथला जुलूम खरा, आतल्यांचे शौर्यही खरे, आपला विजय खरा आणि दिलेला शब्द पाळला हेही खरे. वसईचे ख्रिस्ती लोक मराठी बोलतात, मराठीत गातात. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. गोष्ट अर्धी सांगितली की शेजारी दुरावतो आणि आपला थोर माणूसही लहान होतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. मुलांना वसईला न्याल तेव्हा तट किती उंच एवढेच दाखवू नका. तारापूरचे पत्र सांगा, आठ दिवसांची मुदत सांगा, राधाबाईंचे नाव सांगा. फौज कशी चालवावी हे आपल्या मुलांना शिकावे लागू नये, अशीच आपली प्रार्थना आहे. पण हट्ट न धरता चिकाटी कशी धरावी आणि जिंकल्यावर कसे वागावे, हे मात्र प्रत्येक घरात लागते.