वेळ पाळणारी यंत्रे आणि मुक्त कार्यप्रणाली

४ मार्च २०२२ रोजी हैदराबादच्या पश्चिमेस, लिंगमपल्ली–विकाराबाद लोहमार्गावरील गुल्लागुडा व चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान एक परीक्षा घेण्यात आली. दोन रेल्वे इंजिने एकमेकांच्या दिशेने सोडण्यात आली आणि 'कवच' या यंत्रणेने आपणहून ब्रेक लावून दोहोंमध्ये ३८० मीटरांचे अंतर राखून ती थांबविली. रेल्वेच्या संशोधन अभिकल्प व मानक संघटनेने भारतीय उद्योगांच्या साहाय्याने विकसित केलेल्या या यंत्रणेच्या प्रवासी गाड्यांवरील चाचण्यांना फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रारंभ झाला होता. लिंगमपल्ली–विकाराबाद–वाडी आणि विकाराबाद–बिदर हा सुमारे २५० किलोमीटरांचा मार्ग ही तिची प्रयोगभूमी होय.

ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेक लावण्याचा निर्णय कितीही अचूक असला, तरी तो एक सेकंद उशिरा झाला तर २५ मीटर हातचे गेले. येथे उशिरा दिलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर ठरते. ज्या यंत्रांना हा नियम लागू पडतो, त्यांना रिअल-टाइम यंत्रे असे म्हणतात. रुग्णाला ठरलेल्या गतीने औषध देणारा पंप, मोटारीतील ब्रेकचे नियंत्रण, कारखान्यातील यांत्रिक हात ही सर्व त्याच कुळातील होत. यांच्या पोटात एक छोटा संगणक बसविलेला असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. आणि पुष्कळदा त्याची स्मृती घरच्या संगणकाच्या लक्षांशानेही भरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. रिअल-टाइम म्हणजे अतिवेगवान नव्हे. रिअल-टाइम म्हणजे वक्तशीर. घरचा संगणक सरासरीने वेगवान असतो, परंतु एखादे वेळी तो क्षणभर अडखळला तरी कोणाचे बिघडत नाही. वक्तशीर यंत्राची परीक्षा मात्र सरासरीवर होत नाही. अत्यंत वाईट प्रसंगी त्याला किती वेळ लागला, यावर होते. कोणते काम आधी, कोणते मागाहून, आणि तातडीचे काम आल्यास हातातले काम कोणी थांबवायचे, हे ठरविणारी जी आज्ञावली, तीच रिअल-टाइम कार्यप्रणाली होय.

हा अग्रक्रम ठरविणे दिसते तितके सोपे नाही. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कनिष्ठ दर्जाच्या एका कामाने सामाईक साधनाचे कुलूप आपल्याकडे ठेवले होते. सर्वांत तातडीचे काम त्या कुलपासाठी खोळंबले होते. आणि मधल्या दर्जाची कामे कनिष्ठाला पुढे सरकूच देत नव्हती. तातडीचे काम वेळेत पुरे झाले नाही, हे पाहताच संगणक सर्व काही पुन्हा प्रारंभापासून सुरू करी. उपाय असा, की कुलूप सोडीपर्यंत कनिष्ठ कामाला तातडीच्या कामाचा दर्जा उसना द्यावा. ही सोय यानाच्या कार्यप्रणालीत होतीच. ती चालू करण्याची आज्ञा पृथ्वीवरून धाडण्यात आली आणि दोष दूर झाला.

पाथफाइंडरची ती कार्यप्रणाली मुक्त नव्हती. आज मात्र तोच उपाय कसा लिहितात, हे हैदराबादचा किंवा नांदेडचा कोणीही विद्यार्थी एक पैसाही न देता वाचू शकतो. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या 'फ्रीआरटीओएस' या प्रणालीचा गाभा सी भाषेतील अवघ्या तीन धारिकांत सामावलेला आहे. लहान स्मृतीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी ती सोयीची आहे. २०१६ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेली 'झेफिर' ही प्रणाली अधिक विस्तृत असून, बिनतारी संपर्क व नानाविध संवेदकांची जुळणी तीत आयती मिळते. जेथे पडदा, जाळे व मोठा साठा हवा, तेथे लिनक्सचा विचार करावा. लिनक्सला वक्तशीर करणारी सुधारणा सुमारे दोन दशकांच्या परिश्रमानंतर २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ या आवृत्तीत मूळ प्रवाहात समाविष्ट झाली.

प्रारंभ कसा करावा? प्रथम सी भाषा, आणि तीतही स्मृतीचे पत्ते हाताळण्याचा भाग पक्का करावा. यंत्र विकत घेण्याची घाई नको. 'क्यूईएमयू' या मुक्त आज्ञावलीच्या साह्याने साध्या संगणकावरच मायक्रोकंट्रोलरचा आभास निर्माण करता येतो आणि झेफिरमधील नमुन्याचे पाठ त्यावर चालविता येतात. मात्र वक्तशीरपणाची परीक्षा आभासी यंत्रावर होऊ शकत नाही. त्यासाठी एखादे स्वस्त विकासफलक घ्यावे आणि त्यावरील दिवा ठरल्या वेळी लुकलुकवावा. मग दुसरे काम जोडावे, दोहोंत निरोपांची रांग ठेवावी आणि तिसऱ्या, जड कामाचा भार टाकून पाहावा. भार वाढताच दिव्याची लय बिघडते काय, हे डोळ्यांनी नव्हे, ऑसिलोस्कोपने मोजावे. पाथफाइंडरचा दोष मुद्दाम घडवून आणून तो स्वतः दुरुस्त करणे, यासारखा उत्तम धडा नाही.

मुक्त म्हणजे निर्बंध नव्हे, याचेही भान हवे. फ्रीआरटीओएस एमआयटी परवान्याखाली, झेफिर अपाचे परवान्याखाली, तर लिनक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते. या शेवटच्या परवान्यानुसार लिनक्समध्ये बदल करून ते यंत्रासह विकणाऱ्याने त्या बदलांची मूळ आज्ञावलीही ग्राहकाला उपलब्ध करून द्यावी लागते. शिवाय, प्रणाली मुक्त आहे एवढ्याने ती प्राणरक्षणास योग्य ठरत नाही. कवचासारख्या यंत्रणेला सुरक्षिततेची सर्वोच्च, चौथी पातळी कागदोपत्री व प्रत्यक्ष चाचण्यांनी सिद्ध करावी लागते. मूळ आज्ञावली वाचता येणे ही त्या परीक्षेची सूट नव्हे. ती परीक्षेची तयारी होय.

हैदराबादला हा विषय नवा नाही. येथे १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९६९ च्या सुमारास 'टीडीसी-१२' हा देशी संगणक पुढे आणला, तोही रिअल-टाइम कामांसाठीच होता. त्याच्या नावातील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे; कारण त्याची घडण मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रात झाली होती. त्या काळी अशा यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची संधी मूठभर अभियंत्यांनाच लाभत असे. आज ती तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील मुलामुलींनाही खुली आहे. प्रत्येक तंत्रनिकेतनाने एक मेज, काही विकासफलके आणि एक ऑसिलोस्कोप एवढी सिद्धता केली, तरी पुष्कळ साधेल. उद्या ज्यांच्या आज्ञावलीवर गाडीचा ब्रेक किंवा रुग्णाचा औषधपंप विसंबून राहणार आहे, त्यांनी उशिराची किंमत प्रयोगशाळेतच मोजायला शिकावे, हे सर्वांच्याच हिताचे आहे.