सहा महिने म्हणजे नक्की किती?

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्यातला बग माझा स्वतःचा आहे.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे ग्रॅच्युइटीचं मॉड्यूल होतं. तेव्हाचा नियम सोपा होता. शेवटचा पगार, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल, तर ते पूर्ण वर्ष धरायचं.

मी काय केलं? वर्षांची वजाबाकी गुणिले १२, अधिक महिन्यांची वजाबाकी. त्याला १२ ने भागून बाकी सहापेक्षा मोठी आहे का, एवढंच तपासलं. टेस्ट पास, मी खूश.

मग एक दिवस एचआरमधून फोन आला, आणि त्यांनी तो थेट एका निवृत्त काकांच्या हातात दिला. रुजू ३ जून १९९८, निवृत्ती ३१ डिसेंबर २०२२, पगार २६,०००. काका म्हणाले, "बाळा, चोवीस वर्षं, सहा महिने आणि वर अठ्ठावीस दिवस होतात. माझं पंचविसावं वर्ष कुठे गेलं?"

माझ्या कोडमध्ये २९४ महिने, बाकी सहा. सहा काही सहापेक्षा मोठे नाहीत. अठ्ठावीस दिवस मी बघितलेच नव्हते. काकांचे १५,००० रुपये गायब!

मग दिवसांना ३० ने भागायचं का? तेही नको. सहा वर्षांचे महिने ७२, पण २,१९१ भागिले ३० केलं की ७३ पूर्ण होतात.

बरं, लायब्ररी वापरू. ३१ ऑगस्ट २०२० ते २८ फेब्रुवारी २०२१ किती महिने? जावाचं क्रोनोयुनिट म्हणतं ५, कारण २८ हा ३१ पेक्षा लहान, म्हणजे महिना अपुरा. पायथनचं रिलेटिव्हडेल्टा म्हणतं ६, कारण ३१ फेब्रुवारी नसतोच, मग ते २८ ला थांबतं. चूक कोणाचीच नाही, व्याख्या वेगळ्या आहेत.

शेवटी मी महिने मोजणंच सोडलं. रुजू तारखेत २४ वर्षं आणि सहा महिने मिळवले: ३ डिसेंबर २०२२. निवृत्ती त्याच्या नंतर आहे का? आहे. वर्ष धरा. काकांना फरकाची रक्कम मिळाली.

तर मंडळी, कोड लिहिण्याआधी नियम नीट वाचा. आणि टेस्टमध्ये महिनाअखेरच्या तारखा टाकाच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!