ठोकळेबाज अक्षरे : जपानी चौकोन आणि देवनागरी शिरोरेषा

ठोकळेबाज सजावटी फॉन्टमध्ये रेघ शक्य तितकी जाड असते आणि अक्षर जवळजवळ सगळा चौकोन व्यापते. अशा वेळी अक्षर ओळखू येते ते त्याच्या पोटात उरलेल्या पांढऱ्या फटींवरून. म्हणून काळ्या आकारापेक्षा फटींची आखणी महत्त्वाची.

जपानी लिपीला चौकोन आयताच मिळतो. तिचे छपाईचे खिळे चौरस बुडाचे, प्रत्येक अक्षराला सारखी जागा. हिरागाना आणि काताकाना या उच्चारलिप्यांत आज प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. काताकाना कोनदार, त्यामुळे तिचे ठोकळे चटकन जमतात. हिरागाना वळणांची, तिला कोन सोसत नाहीत. खरी कसोटी कांजी या अर्थवाचक चिन्हांची. नित्य वापराच्या सरकारी यादीत २०१०पासून २,१३६ कांजी आहेत, आणि त्यांतल्या उदासी या अर्थाच्या एका चिन्हात तब्बल २९ रेघा! तिथे रेघा बारीक कराव्या लागतात. म्हणूनच अनेक सजावटी फॉन्ट उच्चारलिप्यांवर थांबतात. तरीही एदो काळातील कारागिरांच्या अंगरख्यांवर कांजीचे चौकोनी रूप डौलाने वावरत होते.

देवनागरीत चौकोन घडवावा लागतो. उदाहरणादाखल ‘सास्तूर’ हे गावाचे नाव घ्यावे. काताकानात त्याचे सात चौकोन होतात : सा, लांबीची रेघ, सु, तो, लहान उ, पुन्हा रेघ, रु. देवनागरीत मात्र एकच शिरोरेषा सगळ्यांना बांधते. काना जाड केला की शेजारच्या अर्ध्या ‘स’ला चिकटून काळी भिंत उभी राहते. ‘स्तू’चा ऊकार खाली लोंबतो, त्याला जागा द्यायची तर अक्षरे बुटकी होतात, नाहीतर ‘त’च्या पायाशी खाच पाडून तो बसवावा लागतो. दुसरा मार्ग अधिक देखणा.

शिरोरेषा गाळून सुटका करून घेण्याचा मोह होतो, पण तो घातक आहे. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत भेद दाखवणारी बारीक गाठ जाड रेघेत बुजते. मग शिरोरेषेतला खंडच वाचकाच्या मदतीला येतो.

मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मोदक’ हा फॉन्ट या बाबतीत अभ्यासण्यासारखा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची अक्षरे आधी हाताने रेखाटली, मग संगणकावर फॉन्टरूपात आणली. अक्षरे गोल, गुबगुबीत. पोकळ्या केवळ बारीक फटींपुरत्या. तरी शब्द वाचता येतो, ही त्याची थोरवी.

दोन्ही लिप्या एका फॉन्टमध्ये आणताना उंचीपेक्षा काळेपणा जुळवावा. शिरोरेषा जपानी चौकोनाच्या वरच्या कडेला टेकवली तर वेलांटी आणि रफार बाहेर पडतात. म्हणून ती थोडी खाली घ्यावी. उभ्या मांडणीत जपानी लांबीची रेघ स्वतः उभी होते. देवनागरीत तिथे शिरोरेषा तोडणे भाग पडते आणि काना, ऊकार, जोडाक्षर अभंग ठेवून ‘सा’, ‘स्तू’, ‘र’ असे तीन ठोकळे एकाखाली एक रचावे लागतात.