संपलेला सेल संपलेला नसतो

भिंतीवरचं घड्याळ थांबलं की आपण सेल फेकून देतो. त्याला मल्टिमीटर लावून बघा, बहुधा एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. म्हणजे ऊर्जा आहे, व्होल्टेज कमी पडतंय. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. मग?

1999 साली ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात यावरचं एक छोटंसं सर्किट छापून आलं. आज हौशी लोक त्याला ‘ज्यूल थीफ’ म्हणतात. सामान किती? एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एलईडी आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारा.

ट्रान्झिस्टर चालू झाला की तारेतला प्रवाह वाढत जातो. मग तो झटकन बंद होतो, आणि अडवलेला प्रवाह व्होल्टेज उसळवतो. एलईडी लागतो. सेकंदाला हजारो वेळा हे होतं, म्हणून उजेड अखंड दिसतो.

फेराइटचं कडं बंद पडलेल्या सीएफएलमध्ये मिळतं. पण काचेची नळी फोडू नका, आत पारा असतो. होल्डरमधून काढल्या काढल्या दिवा उघडू नका, कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट उरलेले असू शकतात. लहान मुलांनी हे काम मोठ्यांकडूनच करून घ्यावं.

एलईडी लागला नाही तर एका तारेची दोन टोकं अदलाबदल करा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

महागडं किट जळेल या धास्तीने मुलं हात आखडतात. भंगारातलं जळलं तर जळलं! शिकायला सुरुवात इथूनच करा.