वेतन आणि मानधन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी नोकरांनी न्याय्य वेतनासाठी दिलेल्या लढ्याविषयी मी बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी जन्मभर मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेणारा प्राथमिक शिक्षक. अर्थशास्त्राचा व्यासंग मजपाशी नाही. तथापि पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या घरात मी वाढलो, तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलतो.

पगार किती असावा, हे ठरवावयाचे तरी कसे? देणाऱ्यास परवडेल तेवढा, हे जुने उत्तर. १९५७ साली दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले व त्यांनी हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडला. मिळवता पुरुष, त्याची पत्नी व दोन मुले यांचा आहार तीन पूर्ण माणसांइतका धरावा, बायकामुलांची कमाई मोजू नये, डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या मापाप्रमाणे दर माणशी रोज २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांस वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. एवढ्याची जी किंमत होईल ते किमान वेतन. यात मुलांची पुस्तके नव्हती, औषधपाणी नव्हते, सणवार नव्हता. या गोष्टींसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९१ साली.

परिषदेत हे माप मान्य झाले खरे. परंतु सरकारने ते आपल्याच नोकरांस लावले नाही. १९५९ साली दुसऱ्या वेतन आयोगाने किमान वेतन सुचविले अवघे ८० रुपये. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांनी संप पुकारला. वटहुकूम निघाला आणि पाच दिवसांत संप मोडला. तेव्हा पुष्कळांनी म्हटले असेल की यातून काय साधले? पण सातव्या वेतन आयोगाने २०१५ साली १८,००० रुपयांचे किमान वेतन काढले ते याच १९५७ च्या हिशेबाने. मध्ये अठ्ठावन्न वर्षे गेली.

आता घरची गोष्ट. १४ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्रातील राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संप सुरू केला. केंद्राच्या दराने महागाई भत्ता द्या, ही मुख्य मागणी. तो ५४ दिवस चालला. माझे वडील तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई होते आणि मी नुकताच शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन घरी बसलो होतो. पहिला पगार चुकला तेव्हा आई काही बोलली नाही. दुसरा चुकला तेव्हा तिच्या हातांतील पाटल्या दिसेनाशा झाल्या. वाण्याने उधारी थांबविली नाही, हे त्याचे उपकार. परंतु आपल्याच ज्ञातीतील एक प्रतिष्ठित गृहस्थ ओटीवर येऊन वडिलांस म्हणाले, “सरकारचे अन्न खाऊन सरकारशीच भांडता?” वडिलांनी त्यांना पाट दिला, पाणी दिले आणि उत्तर दिले नाही. ते गृहस्थ गेल्यावर मात्र मला म्हणाले, “अन्न सरकारचे नव्हे रे, कामाचे.” आज येथे बसलेल्या आपणां कित्येकांची घरे, मुलांची शिक्षणे आणि माझे निवृत्तिवेतनही अशाच उपाशी दिवसांतून उभे राहिले आहे.

असो. मला खरे सांगावयाचे आहे ते पुढचेच, आणि त्यात माझा कमीपणा आहे. २००० साली ‘शिक्षण सेवक’ ही योजना आली. आमच्या शाळेत एक तरुण रुजू झाला. वर्ग तोच, पुस्तके तीच; त्याला महिना ३,००० रुपये, तेही तीन वर्षे. त्याचे नाव ‘मानधन’. मला त्याच्या कितीतरी पट वेतन. एकाच स्टोव्हवरचा चहा आम्ही रोज पीत होतो. परंतु त्याच्यासाठी एका अर्जावर सही करण्यापलीकडे मी काही केले नाही. ती रक्कम १६,००० झाली ती जानेवारी २०२३ पासून.

मानधन हा शब्द वाईट नाही. या व्याख्यानाबद्दल मंडळाने मला शाल व नारळ दिला, ते मानधन होय. जो पाहुणा म्हणून येतो आणि तासाभराने घरी जातो, त्याला ते शोभते. परंतु जी अंगणवाडी सेविका पोरांना खाऊ घालते, त्यांची वजने घेते, गरोदर बायांच्या घरी जाते, लसीकरणाला माणसे गोळा करते आणि रात्री मोबाइलवर नोंदी भरते, ती पाहुणी कशी? ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. वेतन म्हटले की श्रेणी आली, महागाई भत्ता आला, निवृत्तिवेतन आले. ‘मानधन’ म्हटले की यांतले काहीच द्यावे लागत नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच ठरविले. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना पन्नासांहून अधिक दिवस संपावर बसावे लागले. दिवसांचा आकडा ऐकून मला आईच्या पाटल्या आठवल्या.

गेल्या वर्षी वधूवर सूचीचे अर्ज तपासण्याचे काम मंडळाने मजकडे दिले होते. एका अर्जात मुलीच्या वडिलांनी ‘नोकरी’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते. मुलगी सहा वर्षे अंगणवाडी सेविका आहे, हे मला ठाऊक होते. मी विचारले तेव्हा ते संकोचून म्हणाले, “गुरुजी, ती काही पगारी नाही, मानधनावर आहे.” मी तिलाच बोलावून घेतले, अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि पेन दिले. तिने ‘नाही’ खोडले आणि स्वच्छ अक्षरात आपल्या कामाचे नाव लिहिले. यंदाची सूची छापून झाली आहे. ती बाहेरच्या टेबलावर मिळेल.