निकाल आणि न्याय



कामगार चळवळीतल्या माणसाने पियानोवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात अधिक झाले. तेव्हा सुरांच्या शास्त्रावर आम्ही अधिकाराने बोलणार नाही. परंतु माणसाने माणसाची परीक्षा घ्यावी आणि निकाल द्यावा, हा व्यवहार आम्ही आयुष्यभर जवळून पाहिला आहे. तोच व्यवहार पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, शोपँ स्पर्धेत चालतो.

शोपँ हा पोलंडचा थोर संगीतकार १८४९ साली पॅरिसमध्ये निवर्तला. येझी झुरावलेव्ह या पियानोशिक्षकाने १९२७ साली त्याच्या नावाने ही स्पर्धा सुरू केली. येथे केवळ शोपँच्याच रचना वाजवावयाच्या. एकेका फेरीत वादक गळत जातात आणि उरलेले मोजके शेवटी वाद्यवृंदासह वाजवितात. महायुद्धामुळे खंड पडला. १९४९ साली स्पर्धा पुन्हा भरली आणि १९५५ पासून दर पाच वर्षांनी भरू लागली. २०२० ची तेवढी साथीमुळे २०२१ वर गेली.

१९८० साली येथे मोठे वादळ झाले. युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच हा तरुण शोपँ आपल्याच तऱ्हेने वाजवीत होता. तो पहिल्या फेरीतून पुढे गेला म्हणून लुई केंटनर हे परीक्षक मंडळ सोडून गेले. आणि त्याला अंतिम फेरीत घेतले नाही म्हणून मार्था आर्गेरिच या बाई सोडून गेल्या. बाई स्वतः १९६५ च्या विजेत्या! वादक एकच, कान दोघांचेही तयार. पण निवाडे दोन टोकांचे.

या गदारोळात जिंकला कोण? डांग थाई सोन, व्हिएतनामचा बावीस वर्षांचा मुलगा. आशिया खंडातला हा पहिला विजेता. अमेरिकेची विमाने हनोईवर बॉम्ब टाकीत होती तेव्हा तेथील संगीतशाळा खेड्यात हलविली होती. आई तेथेच शिक्षिका. पियानो आला तो रेड्यांच्या गाडीतून, आणि मुले पाळीपाळीने त्यावर हात फिरवीत. वाद्यवृंदासह वाजविण्याचा प्रसंगही वॉर्सापूर्वी त्याच्यावर आला नव्हता. पण जग बोलत राहिले ते हरलेल्याविषयी. पोगोरेलिचचे त्यात नाव झाले. डांगच्या कष्टाच्या विजयावर मात्र विनाकारण सावली पडली. निवाड्यावरचा विश्वास उडाला की हरणाऱ्याइतकाच जिंकणाराही नाडला जातो, हे आम्ही कारखान्यांतल्या बढत्यांतही पाहिले आहे.

मग उपाय कोणता? चुकणार नाही असा परीक्षक शोधणे व्यर्थ. २०१५ साली या स्पर्धेतील प्रत्येक परीक्षकाचे गुण नावानिशी प्रसिद्ध झाले. विजेता ठरलेल्या कोरियाच्या सोंग-जिन चो याला अंतिम फेरीत एका परीक्षकाने दहापैकी एकच गुण दिला होता! तरी तो जिंकला, कारण बाकीच्यांपैकी बहुतेकांनी नऊ किंवा दहा दिले होते. एकाची मर्जी अनेकांच्या मतांपुढे चालली नाही, आणि ती कोणाची होती हेही लोकांना कळले. हिशेब उघडा असला म्हणजे मतभेद संपतात असे नाही. संशय मात्र पुष्कळ कमी होतो.

डांग पुढे शिक्षक झाले. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ त्यांचाच शिष्य. २०२५ चा विजेता एरिक लू हाही त्यांच्याकडे शिकलेला; २०१५ साली तो चौथा आला होता. दहा वर्षांनी त्याच दारात पुन्हा उभे राहावेसे वाटले, यात स्पर्धेचीही थोडी अब्रू आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण भजनाच्या, वक्तृत्वाच्या, एकांकिकांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतात. काही नोकरभरतीच्या मंडळावरही असतात. त्यांना आमची एवढीच विनंती आहे. गुण मनाला पटतील तेच द्या, पण त्यांखाली आपले नाव लिहा आणि तो कागद फलकावर लावा. ज्याला तो कागद लपवावासा वाटतो, त्याने त्या खुर्चीवर बसू नये.