शिवेवरचा वाघोबा

सार्वजनिक शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौकातला पुतळा येतो. खाली चौथरा, चौथऱ्यावर उद्‌घाटकांच्या नावाची पाटी. आज ज्या शिल्पाविषयी सांगणार आहे त्याला पाटी नाही, घडविणाराचे नावही नाही. ठाणे-पालघरकडच्या एखाद्या वारली पाड्यावर गेलात तर शिवेजवळ, झाडाखाली तो तुम्हांला भेटेल : वाघोबा. उभी पुरलेली लाकडी फळी, नाहीतर दगड. त्यावर शेंदूर फासलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. कुठे कुठे नागही.

आता, वाघ म्हणजे कोणता वाघ? बोलीत बिबळ्यालाही वाघच म्हणतात, आणि बिबळ्या रात्री थेट अंगणापर्यंत येतो. मुंबईला खेटून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही त्याची वस्ती आहेच. दिवसा दिसत नाही, म्हणून फळीवर दिसतो म्हणा ना! शरीररचनेच्या दृष्टीने हा वाघ अगदीच कच्चा. चित्रकलेच्या मास्तरांनी काट मारली असती. पण तो नुसता पाहण्यासाठी कोरलेला नाही. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, तेव्हा पाड्यावर वाघबारस असते. नारळ, कोंबडी वाहायची आणि मागायचे एवढेच, की गुरे-माणसे सांभाळ. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची १५० ठाणी नोंदली गेली. बिबळ्या शेजारी असताना रोज त्याच रानात सरपणाला जायचे, तर त्याच्याशी काही बोलणे हवे ना?

जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रे आज शहरातल्या भिंतींवर सर्रास दिसतात. तारपा येतो, ताडाची झाडे येतात. वाघ मात्र माझ्या पाहण्यात क्वचितच आला. गैरसोयीचा वाटत असावा.

उन्हापावसात फळी कुजते. मग नवी बसवतात. काही ठिकाणी आता सिमेंटचे, रंगविलेले वाघ आले आहेत. मला ते रुचत नाहीत. पण शेंदूर त्यांनाही तितकाच लागतो, तेव्हा माझ्या आवडीला तिथे कोण विचारतो!

बघायला जाल तर पाड्यावरच्या कुणाला तरी सोबत घ्या. आणि शेंदूर खरवडून खालचे कोरीव काम पाहण्याचा मोह तेवढा आवरा.